टाकीजवळची अकरा नावं

अल्जिअर्स,
२२ जानेवारी

प्रिय खैराताई,

धाकटीचा सलाम. मी शनिवारी संध्याकाळी सुखरूप पोचले. वाटेत बर्फामुळे बस तीन तास अडकली होती. तेवढ्या वेळात ड्रायव्हरनं सगळ्या बसला आपल्या दोन्ही लग्नांची हकिगत ऐकवली, आणि पुढच्या बाकावरची म्हातारी दर पाच मिनिटांनी म्हणत होती, "अरे बाबा, बायका पुरे, आता गाडी काढ." तू बांधून दिलेली कसरा रोटी आम्ही तिघीचौघींनी वाटून खाल्ली. थंड झाली तरी तुझ्या हातची कसरा मऊच राहते. अंजिरं मात्र मी कुणाला दिली नाहीत.

इथं बर्फ नाही, नुसता पाऊस आहे. वरच्या मजल्यावरची बाई अजूनही ओले कपडे माझ्या खिडकीवर टांगते. तेच चाललंय सगळं. आठवडाभराची रजा मुनीरनं, म्हणजे आमच्या मालकानं, कुरकुर न करता दिली. एरवी तो बाळंतिणीलासुद्धा विचारतो की उद्या येतेस ना.

मी निघताना तू म्हणालीस, "फोन करू नकोस, लिही." म्हणून लिहिते. सहा वर्षांनी तुला पत्र लिहिताना 'प्रिय'च्या पुढं काय लिहायचं तेच सुचत नव्हतं. आईच्या मयताला मी तिसऱ्या दिवशी आले तेव्हा दारातच तू जे म्हणालीस ते मी विसरले नाही, आणि मी उलट जे बोलले ते तूही विसरली नसशील. भिंतीपलीकडची यमीना मावशी सारखी म्हणायची, "तुम्हा दोघींचं भांडण मिटल्याशिवाय मी मरायची नाही." मावशीनं शब्द पाळला नाही.

डॉक्टर म्हणाले ते खरं आहे गं. शेगडीच्या त्या वायूला वास नसतो, त्रास होत नाही. मावशी आणि लखदरदादाची रिहाम झोपेतच गेल्या. पोरीचा हात आजीच्या मानेखाली होता हे तू सांगितलंस, ते मला सारखं दिसतं.

आता मयताच्या दिवशी बायकांसमोर मला नीट सांगता आलं नाही ते लिहिते. तू मोबाइल काढून मला दाखवलास आणि सगळ्यांना म्हणालीस, "हा बघा, दुकानानं कळवलं होतं ना, वायू झाला की वाजणारे भोंगे येणार म्हणून! माझी बहीण आहे तिथं." तो मेसेज फ्रेंचमध्ये होता. ती पोचपावती नव्हती, ताई. ऑर्डर रद्द केल्याचं त्यात लिहिलं होतं. मी वाचलं आणि तेवढंच म्हणाले की संगणकानं आपोआप रद्द केलंय. तसंच असतं. बोट येण्याआधी दोन महिने आम्ही आगाऊ ऑर्डर घेतो, मग माल आला की भागाभागाला वाटून देतो. हजारो नावं असतात. एकाच फोनवर बरीच नावं दिसली की यंत्राला वाटतं हा कुणी दलाल आहे, माल दाबून नंतर चढ्या भावानं विकणारा. मग ते नावं उडवतं. यंत्राला काय कळतं, टाकीजवळच्या बायका तुझ्याच फोनवरून मागवतात म्हणून!

यात कुणाचा दोष नाही. कपाळी लिहिलेलं कुणाला चुकलंय? तू मनाला लावून घेऊ नकोस. शिलाईचं काम पुन्हा सुरू कर, हात चालू राहिले की बरं वाटतं. मावशीच्या लखदरदादाला माझा सलाम. नज्वावहिनीला दिवस भरत आलेत, ती माहेरी बरी आहे का ते कळव.

तुझी,
हसीबा


अल्जिअर्स,
१३ फेब्रुवारी

खैराताई,

तुझं पत्र परवा मिळालं. दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडतेय.

तू लिहितेस की तू मोबाइल बंद करून ठेवलाय. नळावर गेलीस की बायका बोलायच्या थांबतात. लखदरदादा वाळवंटातल्या कामावर परत जाताना तुझ्या दारात उभा राहून म्हणाला, "तुला जमत नव्हतं तर नावं कशाला घेतलीस? मी तिकडून दहा दुकानं फिरून भोंगा आणला असता." आणि तू त्याच्यापुढं मान खाली घातलीस. तू, जिच्यापुढं गावचा सरपंच मान खाली घालतो!

आणि तुझे प्रश्न. "हसीबा, तू शिकलेली आहेस, खरं सांग. एकाच फोनवर अकरा नावं लिहायची नसतात का? मला ठाऊक नव्हतं. पत्ता चुकला का? 'मशिदीमागे, पाण्याच्या टाकीजवळ' असंच सगळ्यांचं लिहिलं. आणि एक. नोव्हेंबरात अल्जिअर्सच्या नंबरावरून एकदा फोन आला होता. मी मशीन थांबवून उचलला, पण कुणी बोललंच नाही. मी उलटा फोन लावला तर नुसतं गाणं लागलं. मी उशिरा उचलला म्हणून रद्द झालं का? माझ्या हातून यमीना गेली का, एवढंच मला सांग. सकाळी भिंतीवर तिची रोजची थाप ऐकू आली नाही तेव्हाच मी जायला हवं होतं. मी म्हटलं, झोपू दे बिचारीला, थंडी आहे."

ताई, आता मी लिहिते ते सावकाश वाच. मध्येच फाडू नकोस. पूर्ण वाच, मग फाड.

पत्त्यात काही चूक नव्हती. आपल्याकडं पत्ते असेच असतात, घरांना नंबर कुठं आहेत? एका फोनवर अकरा नावं लिहिण्यातही चूक नव्हती. सगळ्या मुलखात असंच चालतं, एक बाई धडाडीची असते आणि बाकीच्या तिच्या पदराला धरून असतात. बायका परक्याला स्वतःचं नाव सांगत नाहीत, म्हणून तू 'लखदरची आई', 'बूअलामची आई' असं लिहिलंस तेही बरोबरच. मी त्याच टाकीमागं वाढले. हे मला कळायला हवं होतं, आणि ते मला कळलं होतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की यंत्र नावं उडवतं. खोटं आहे ते. यंत्र फक्त ओळी लाल करतं. उडवायचं काम माणूस करतो. आपल्या डोंगरपठाराची यादी माझ्याकडं असते.

तुला सगळंच सांगते, म्हणजे तुला कुणी 'तू काहीतरी चुकवलंस' म्हणालं तर उत्तर देता येईल. दोन हजार भोंगे बोटीनं येणार होते. त्यातले अकराशे राजधानीला, चारशे ओरानला, तीनशे सेतिफला, आणि जिथं सहा महिने शेगडी पेटते त्या आपल्या पठाराला दोनशे. ही वाटणी मीच मांडली होती. मुनीर म्हणाला, "पठारावरची माणसं घेत नाहीत गं, पार्सल दारात आलं की नको म्हणतात. राजधानीतली घेतात." मी मान डोलावली. मी तिथलीच आहे, मी म्हणू शकले असते की घेत नाहीत कारण तुम्ही मार्चमध्ये पोचवता. म्हणाले नाही. गेली सहा वर्षं मी ऑफिसात गावाचं नाव काढत नाही. कुणी विचारलं तर सांगते, दक्षिणेकडची आहे.

दोनशेला साडेतीनशे मागण्या आल्या. लाल ओळी तपासायच्या, त्या फोनवर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तीनदा फोन करायचा, माणूस खरा आहे की दलाल ते पाहायचं, आणि तिन्ही वेळा उत्तर आलं नाही तरच रद्द करायचं, असा नियम आहे. रद्द झालेला माल सहा वाजेपर्यंत त्याच भागात दिला नाही तर आपोआप राजधानीच्या यादीत जातो. तेवढंच एक काम यंत्र स्वतः करतं.

तुझी अकरा नावं मी राजधानीला जाऊ दिली. संगणकात रद्द झालेल्या प्रत्येक ऑर्डरपुढं रद्द करणाऱ्याचं नाव उमटतं. मी यमीना मावशीच्या घरून परत आल्यावर मुनीरनं मला आत बोलावलं. म्हणाला, "दार लाव. बस. हे बघ, तुझी चूक नाही, नियमच आहे. पण गावाकडचं प्रकरण, बातमीबितमी झाली तर? मी त्या जागी 'तांत्रिक बिघाड' असं करून ठेवतो. चहा घेणार?" मी चहा घेतला, ताई. पुदिना घातलेला. आणि त्यानंतरच तुला ते पहिलं पत्र लिहिलं.

पण त्याच्या आधी सकाळीच मी ते पान छापून घेतलं होतं. का घेतलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. ते या पत्रासोबत आहे. त्यात अकरा ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी माझं नाव आहे. अक्षर फ्रेंच असलं तरी माझं नाव तुला ओळखता येईल, शाळेच्या दाखल्यावर तसंच होतं.

त्या अकरातला एक भोंगा परत आला. राजधानीतल्या उंचावरच्या वस्तीतल्या कुणा बाईनं मागवला होता, जिच्या घरात भिंतीतून गरम हवा येते, शेगडीच नाही. परत करण्याचं कारण लिहिलं होतं, 'रंग भिंतीला शोभत नाही.' तो माझ्या टेबलावर आहे. चालतोय की नाही ते बघायला मधलं बटण दाबायचं असतं. मी दाबलं. सगळं ऑफिस दचकलं, एकीच्या हातून कप पडला. एवढा मोठा आवाज आहे त्याचा. यमीना मावशी तर मांजरानं भांडं हलवलं तरी उठायची.

आता तो फोन. पानभर लिहून झालं तरी मी तिथं यायचं टाळतेय हे तुझ्या लक्षात आलं असेलच. लहानपणी मी मार चुकवायला आधी सगळ्या भावंडांच्या खोड्या सांगायची, मग माझी, तसंच.

रविवार होता, आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. सकाळचे अकरा. लाल ओळींवरून मी फोन लावत होते. आपल्याच गावाचं नाव वाचलं. खाली 'लखदरची आई' वाचलं. मनाला समजावलं, आपल्या गावात दर दुसऱ्या घरात एक लखदर आहे. नंबर अनोळखी होता, तू नंबर बदललास हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लावला.

दोनदाच वाजला. तू उशिरा उचलला नाहीस, ताई. दोनदाच वाजला आणि तू उचललास. मागं मशीन थांबल्याचा आवाज आला. तू म्हणालीस, "हॅलो? कोण?"

तुझा आवाज मला ओळखू येणार नाही का? मला वाढवलंस तू. मी तोंड उघडलं, आणि मला आईच्या मयताच्या वेळचं तुझं दारातलं वाक्य आठवलं. "दुकानाची सुट्टी मिळाली का बाईसाहेबांना?" मी विचार केला, आता मी म्हणणार, नमस्कार, मी दुकानातून बोलतेय. आणि ती हसणार. किंवा हसणार नाही, नुसती गप्प बसेल. दोन्हीची भीती वाटली. तू म्हणालीस, "बोला ना, ऐकतेय मी." आणि मागून यमीना मावशीचा आवाज आला, "कोण गं? भोंगेवाले का? त्यांना सांग लवकर आणा, पोरगी माझ्याकडं झोपते."

मी फोन ठेवला.

समोर तीन चौकोन होते. 'उत्तर आलं नाही' असं तीनदा खूण करायची असते, तीन वेगवेगळ्या फोनसाठी. मी एका दमात तिन्ही खुणा केल्या. राग होता का, म्हणशील तर होता. वाटलं, माझ्या दुकानाला नावं ठेवतेस आणि माझ्याच दुकानातून मागवतेस? वाटलं, अकरा भोंगे घेऊन काय करणार, विकणार असेल. मावशीचं बोलणं ऐकूनही मी तसं वाटून घेतलं. माणसाला हवं ते वाटून घेता येतं. आणि हेही वाटलं की नंतर, ती सगळी रांग संपली की, मी गुपचूप माझ्या नावावर अकरा राखून गावाला पाठवून देईन, कुणी पाठवले ते तुला कळणारसुद्धा नाही. तेवढ्यात जेवायची सुट्टी झाली. परत आले तर ओरानच्या गोदामात घोळ झाला होता, त्यात पाच वाजले, मग सहा. सहा वाजता मला आठवण झाली. मी पाहिलं तर अकराचे अकरा राजधानीत गेले होते, चार मिनिटांत. मी म्हटलं, पुढच्या बोटीला बघू. पुढची बोट मार्चमध्ये आहे.

एवढंच आहे, ताई. शेगडीच्या नळीत घरटं होतं, मावशीनं थंडीमुळं खिडकीवरच्या झरोक्यात चिंध्या कोंबल्या होत्या, ते सगळं खरं आहे. पण त्या वायूवर ओरडणारी एक गोष्ट तू मागवली होतीस, वेळेवर, नीट, आणि माझ्याकडून. तू बायकांना म्हणाली होतीस ना, "माझी बहीण तिथं आहे, आपली नावं दिसली की ती आधी पाठवील"? हे मला नज्वावहिनीच्या आईनं सांगितलं. सहा वर्षं माझ्याशी न बोलता तू माझ्या नावावर विश्वास टाकत होतीस, हे मला मयताच्या घरी कळलं. आणि तिथं तू मोबाइल पुढं केलास तेव्हा मी खोटं बोलले. ते खोटं नोव्हेंबरातल्या खुणांपेक्षा वाईट आहे. तेव्हा निदान मला पुढचं माहीत नव्हतं. या वेळी ओट्यावरच्या दोन्ही जनाज्यांसमोर उभी राहून मी स्वतःचं नाक वाचवलं आणि दोष तुझ्या पदरात टाकला.

आई टायफॉइडनं पडली होती तेव्हा यमीना मावशीनं एका बाजूला लखदरला आणि दुसऱ्या बाजूला मला अंगावर पाजलं होतं, हे तू मला हजारदा ऐकवलंयस. मला वाटायचं, उगीच उपकार आठवून देते. आता तेच मी स्वतःला ऐकवते.

माफी मागत नाही. ज्यांच्याकडं मागायची त्यांच्यातल्या दोघी तर गेल्या. तुझ्याकडं एकच मागते. येत्या सोमवारी चाळिसावा आहे. लखदरदादा येईल, टाकीजवळच्या सगळ्या बायका येतील, तू सगळ्यांना वाढत असशील आणि कुणी तुझ्या डोळ्याला डोळा देणार नाही. त्या वेळी हे पत्र आणि ते छापलेलं पान दादाच्या हातात दे. मोठ्यानं वाचायला सांग. मधलं काही गाळू नको म्हणावं, चहाचं आणि पुदिन्याचंसुद्धा. सगळ्यांना ऐकू दे की तू फोन दुसऱ्याच रिंगला उचलला होतास.

मुनीरला मी काल सांगितलं की बिघाड-बिघाड लिहू नका, माझं नाव आहे तसं राहू दे. तो म्हणाला, "तुला वेड लागलंय, नोकरीवर गदा येईल." म्हटलं, येऊ दे. त्यानं अजून काही ठरवलेलं नाही. सेतिफच्या गोदामात पडून असलेले दहा आणि माझ्या टेबलावरचा तो एक, असे अकरा भोंगे रविवारी माझ्या पिशवीत असतील. भिंतीला शोभत नाही म्हणून परत आलेला तो मावशीच्या खोलीत लावायचा. नज्वावहिनी बाळाला घेऊन त्याच घरात येणार आहे ना.

हे पत्र मी बसच्या त्याच दोन लग्नांच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय, पोस्टाचा भरवसा नाही. मी रविवारच्या बसनं निघते. सोमवारी सकाळी टाकीजवळ उतरेन. पत्र वाचून होईपर्यंत मी अंगणात उभी राहीन. नंतर आत ये म्हणायचं की नाही ते तू आणि लखदरदादा ठरवा. कुणी काही बोललं नाही तर पिशवी ओट्यावर ठेवून मी दुपारच्या बसनं परत जाईन.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, असं तुला वाटेल. फोनवर मी पुन्हा तेच केलं असतं.

तू त्या दिवशी विचारलं होतंस, कोण.

मी होते, ताई.

हसीबा